तानुबाई एकटीच हॉटेलात जाते

आटपाडीकडच्या तानुबाईनं उभ्या जन्मात घरच्यांच्या आधी ताट घेतलं नव्हतं. लग्नानंतरची कैक वर्षं नवऱ्याबरोबर, धुळाबरोबर, मेंढरांमागं गेली. तळावर तीन दगडांची चूल मांडायची, भाकरी थापायच्या, आणि गडीमाणसं उठली की उरल्या कालवणात चतकोर कुस्करायची. त्यात तिला कधी वावगं वाटलं नाही.

लेक माया जपानात, टोकियोला राहायची. तिच्या बाळंतपणाला तानुबाई गेली. एका दुपारी माया म्हणाली, "आई, घरात बसून आंबून जाशील. खाली कोपऱ्यावर हॉटेल हाय, जेवून ये. फोटोवर बोट ठेवलं की झालं."

"एकटीनं? बाईमाणसानं?"

"हितं समदी एकटीच जेवत्यात."

खरंच होतं. लांब फळीला लागून माणसं ओळीनं बसली होती, त्यात बायाही होत्या. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. तानुबाईनं एका फोटोवर बोट ठेवलं. म्हाताऱ्या मालकिणीनं जाड शेवयांचा वाफाळता वाडगा दोन्ही हातांनी तिच्यापुढं ठेवला, आणि तिला काड्या जमेनात हे बघून चमचा आणून दिला. शेजारची सुटाबुटातली बाई खुशाल भुरके मारत होती. मग तानुबाईनंही मारला. रश्शात तिखटाचा पत्ता नव्हता, पण गरम होता. आपल्याला असं गरम गरम कुणी कवा वाढलं होतं, ते तिला आठवेना. पदरानं डोळे टिपत तिनं वाडगा संपवला.

गावी परतल्यावर बाजारादिवशी ती स्टँडजवळच्या हॉटेलात शिरली आणि मिसळ मागितली.

"मावशी, संगं कोण हाय?" मालकानं विचारलं.

"कोण न्हाई."

"मग आत फॅमिली रूममधी बसा."

"हितं वारं लागतंय. हितंच बसती."

बातमी तिच्या आधी घरी पोचली. धुळा अंगणात लोकर कातत बसला होता. "हॉटेलात बसलीवतीस म्हणं?"

"व्हय. भूक लागली हुती."

त्यानं हातातलं सूत खाली ठेवलं. मग म्हणाला, "लय तिखट आसती का गं तितली मिसळ?"

"आवं, तुमी खाल्ली न्हाई कवा?"

"बाजारला मेंढरं धरून भाईरच हुबा आसतो की मी."

पुढच्या बाजारी दोघं मिळून गेली. मालकानं पहिली प्लेट धुळापुढं ठेवली. त्यानं ती तानुबाईकडं सरकवली.

तिनं हात लावला नाही. "तुमचीबी येऊ द्या," म्हणाली, "संगंच खाऊ."