बासष्ट फुटांचा वेग

बेळगावच्या बाजारातल्या एका पोलाद-व्यापाऱ्याने मला फसवले. साधे पोलाद हायस्पीड म्हणून, म्हणजे वेगात तापूनही धार न सोडणारे म्हणून, माझ्या गळ्यात मारले आणि वर माझेच गणित चुकले असे सांगत सुटला.

लढाईचे दिवस होते, लोखंड कातायचे विलायती हत्यार सहज मिळत नव्हते. मी चौथीत शाळा सोडलेला, पण स्वतःच्या हिमतीवर लेथ उभा केला होता. बाकीचे कारागीर वेग अंदाजाने ठरवत. मी कातायच्या नगाला दोरी गुंडाळून परीघ घेई, नग पकडून फिरवणाऱ्या चकावर खडूची खूण करून घड्याळावर फेरे मोजी. मिनिटाला किती फूट लोखंड हत्याराखालून सरकते ते त्यावरून कळे. हायस्पीड साठ-सत्तर फूट आरामात सोसते, साधे पोलाद तिशीच्या पुढे जळू लागते.

मच्छे गावच्या एका गुऱ्हाळवाल्याचा, ऊस पिळायच्या चरकाचा शाफ्ट आला. परीघ सव्वासहा इंच, फेरे एकशे वीस, म्हणजे बासष्ट फूट. त्या व्यापाऱ्याच्या पोलादाचे नवे हत्यार लावले. वीतभर कातले नाही तोच टोक तापून निळे पडले आणि बसले, शाफ्टला खोल चर पडला. शाफ्ट वाया गेला.

पोलादच खोटे, असे मी सांगितले, तेव्हा गुऱ्हाळवाला त्या व्यापाऱ्यालाच माझ्या दारात घेऊन आला.

"पोलादाला काय धाड भरलीया?" व्यापारी म्हणाला. "ह्यानं वेग लई ठेवला. चौथी शिकून गणित करतोय व्हय रं?"

मी तेच हत्यार साणेच्या चाकाला लावले. पांढऱ्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या. "बघा आप्पा!" मी गुऱ्हाळवाल्याला म्हणालो. "हायस्पीडची ठिणगी अशी फुटत न्हाय, बारीक तांबडी रेघ जाती."

"मग घेताना का न्हाय बघितलंस?" व्यापारी म्हणाला.

घेताना मी दोन तास भाव पाडत बसलो होतो. भाव पाडला, आणि साण लावायची राहिली. ती चूक माझी, पदरात घेतो.

पण गुऱ्हाळवाला म्हणाला, "आण्णा, तोडलेला ऊस वाळाय लागलाय. तुमच्या गणितावर आता न्हाय बसत मी." दुसरीकडे गेला तो परत आला नाही. त्याच्या मागून मच्छ्याची आणखी गिऱ्हाइके गेली.

पुढे खरे हायस्पीड मिळाले. तेवढ्याच जाडीचा शाफ्ट, तेवढेच फेरे. आरशासारखा उतरला.

तो व्यापारी अजून दुकानात बसतो. त्याने त्या गुऱ्हाळवाल्याला घेऊन पुन्हा माझ्या दारात यावे, साणेच्या चाकापाशी उभे राहावे आणि गुऱ्हाळवाल्यासमोर सांगावे: खोटे काय होते, माझे बासष्ट फूट की स्वतःचे पोलाद?