धरमतरच्या क्रेनची कबुली

धरमतरच्या खाडीवरून एस.टी. गेली, की ती केस आजही डोळ्यांसमोर उभी राहते. तेव्हा मी पेणला फौजदार होतो. मिशी काळी होती आणि माणसं ओळखण्याची घमेंड मिशीपेक्षा मोठी.

खाडीकाठच्या एका जेट्टीवर माल उचलताना क्रेनचा दांडा अचानक खाली आला आणि एका मजुराचा पाय चिरडला. क्रेन ऑपरेटर ठाण्यात आला तोच म्हणाला, "चूक माझीच हाय, साहेब. लिवून घ्या." पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही हे ठाऊक असूनही मला तपास उरकल्यासारखा वाटला. जामिनासाठीही तो कुणाला बोलावीना. सुटका आणि लायसन्स, दोन्हींची त्यानं आशा सोडली होती.

तिसऱ्या दिवशी जखमी मजुराची बायको मिठागरावरून थेट ठाण्यात आली. मला वाटलं, शिव्याशाप द्यायला आली असेल.

"त्याला सोडा, साहेब," ती म्हणाली. "क्रेन आपोआप उतरते, असं त्यानं मुकादमाला चारदा सांगितलेलं. आमचा मानूस घरी येऊन बोललेला."

मी ऑपरेटरला समोर बसवलं, चहा मागवला आणि पहिल्यांदाच विचारलं, "कोणती चूक?"

"नवा व्हॉल्व बसवल्यापासून माल हवेत ठरत नव्हता. मुकादम म्हनला, मालाची बार्ज भरतीवर सुटली पायजे, बस क्रेनवर. नाय म्हनायला पायजे होतं. बसलो. तीच चूक."

मला व्हॉल्वमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आमचे हवालदार खारेपाटातले, खाडीकाठच्या खाऱ्या शेतांच्या पट्ट्यातले. ते म्हणाले, "साहेब, बांधातल्या उघाडीचं दार हाय ते. शेतातलं पाणी भायेर सोडतं, भरतीचं आत घेत नाय. दार सडलं की शेत गेलं." दांडा तोलून धरणारं तेल हा व्हॉल्व परत फिरू देत नाही, हेच पुढे इंजिनीअरनं अर्धा तास समजावलं.

पंचांसमक्ष व्हॉल्व उतरवून सील केला. मुकादम ज्याला 'कोरा करकरीत' म्हणत होता त्या मालाचा रंग खरवडला, तर खाली गंज आणि घासून काढलेला नंबर. माग रोह्याच्या भंगारवाल्यापर्यंत गेला. "व्हय, आमच्याकडचाच. रंग मुकादमाच्या लोकांनी मारला," तो म्हणाला. चाचणीचा दाखला मुकादमानं मागितलाच नव्हता. तो आरोपी झाला आणि ऑपरेटर साक्षीदार.

ती बाई आली नसती, तर एका सरळ माणसाचं वाटोळं माझ्या सहीनं झालं असतं. याची लाज मला अजून वाटते. गुन्हा कबूल करणारा माणूस खरं बोलत असतो, पण आपण त्याला भलताच प्रश्न विचारलेला असतो, एवढं मी त्या वर्षी शिकलो.

मुकादमाला शिक्षा झाली त्या दिवशी मी कोर्टाबाहेर ऑपरेटरच्या पाठीवर थाप मारली. "सुटलास रे!"

"तुमच्या कागदावर, साहेब," तो म्हणाला आणि पायरीवर कुबडी सावरत उभ्या असलेल्या त्या मजुराला आधार द्यायला गेला.