डोळे मिटून काढलेलं शून्य

आजवर कुणालाही सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. सुदाम पेंटर दारू पीत नव्हता. जन्मात एक थेंब त्यानं घेतला नाही आणि हे मला पक्कं माहीत होतं. तरी तो पितो, हे पहिल्यांदा बोललं गेलं ते माझ्याच तोंडून.

काही आठवड्यांपूर्वी नांदेडच्या माझ्या ऑफिसात मुरुडहून त्याच्या पुतण्याचा फोन आला. "काका, नाना गेले सकाळी." मी "बरं" म्हणालो. बरं! फोन ठेवून टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला. हात सरळ गेला, ग्लासाला अलगद टेकला, उचलून ओठांशी आला. थेंबही सांडला नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला सुदाममुळे कळलं होतं.

आमची दोस्ती दुष्काळातली. मोठा दुष्काळ, ज्यात माझ्या वडिलांचं मुरुडातलं भुसाराचं दुकान नुसतं नावाला उघडं असायचं आणि तराजूच्या पारड्यात चिमण्या बसायच्या. मी नुकता मॅट्रिक झालेलो, म्हणून रस्त्याच्या दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला लागलो. सुदाम तिथंच खडी फोडायला. त्या दिवसांची आठवण मला आता स्वप्नासारखी येते. सगळीकडे पांढरी धूळ, धुळीत हलणारी माणसं, हातोड्यांचा लांबून येणारा आवाज आणि कुठं न जाणारा तो रस्ता. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड बसले तेव्हा मुकादमानं विचारलं, "अक्षर कुणाचं बरं हाय रे?" सुदामनं हातोडा टाकला, कुंचला घेतला आणि तो पुन्हा कधी खडीकडे गेला नाही. गावाजवळच्या दगडावर 'मुरुड' लिहून झालं, खाली शून्य राहिलं. मला म्हणाला, "मल्ल्या, डोळं मिटून काढतो. लावतो का पैज? हरलास तर आजची तुझी सुकडी माझी." मी लावली. त्यानं डोळे मिटले, हात एकदा हवेत फिरवला, मग दगडावर. टोकाला टोक असं जुळलं की कुठून सुरू झालं ते सापडेना. सुकडी, म्हणजे कामावर खायला वाटायचे तो गोड भुगा, त्यानं जिंकली आणि अर्धी मलाच दिली. "वाण्याचं पोरगं उपाशी मेलं तर पाप मला लागंल," म्हणाला, आणि कितीतरी वेळ स्वतःच्याच विनोदाला हसत बसला.

त्याच्या घरी मी पुष्कळदा जेवलो आहे. माझ्या घरी ते बरेच दिवस माहीत नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली बसून त्याचे वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. धम्मदीक्षा घेऊन आलो त्या दिवशी दारूचं मडकं उंबऱ्यावर फोडलं, खापऱ्यासुद्धा घरात येऊ दिल्या न्हाईत. सुदामला एरवी कशाचाच गर्व नव्हता. या फुटलेल्या मडक्याचा मात्र होता.

पुढं मी लातूरला कारकून झालो आणि लातूर जिल्हा झाला. गावाला तेव्हा सण आल्यासारखं वाटत होतं. जिथं तिथं 'जिल्हा उस्मानाबाद' खोडायचं आणि 'जिल्हा लातूर' लिहायचं. आमच्या ऑफिसचे बोर्ड रंगवायचं काम मी सुदामला मिळवून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात एक मोठे साहेब संध्याकाळी यायचे होते आणि इमारतीवरच्या मोठ्या पाटीचं काम अर्धंच झालेलं. ऊन डोक्यावर. पाटीपर्यंत जायचं म्हणजे पत्र्यावर उभं राहायचं. सुदाम खालून पत्र्याकडे बघत म्हणाला, "उतरत्या उन्हाला चढतो की. पत्रा लई तापलाय, पाय ठरंना." मी म्हणालो, "साहेब आल्यावर माझी मान कापतील. घे की उरकून, सुदाम." तो वर गेला. पाटी पुरी झाली, सुरेख झाली. खाली उतरला तेव्हा त्याला घाम येत नव्हता. शिडीच्या तळाशी बसला आणि बसल्या जागी कलंडला. अंग भट्टीसारखं तापलेलं...

बरेच दिवस शुद्धीबिद्धी नव्हती; सगळ्यांनी तो साधा ताप धरला. मग उठला. जेवू लागला, सगळ्यांना ओळखू लागला. पण चालताना पाय फाकवून डुलत चालायचा, जीभ जड झालेली, शब्द एकेक सुटा पडायचा. हातात ताकद होती, कुंचला घट्ट धरायचा, पण रेघ जिथं थांबायची तिथं थांबत नसे. पुढे निघून जायची, मागे यायची, पुन्हा पुढे. पुढच्या पाटीवर 'लातूर'मधल्या 'ला'ची उभी रेघ पार खालच्या ओळीत उतरली. आमचे साहेब बाहेर आले. एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा डुलत उभ्या सुदामकडे. "काय रे, असा काय हा? कुणी आणलं याला?" आणलं मी होतं. मी खाली बघून म्हणालो, "साहेब... घेत असावा थोडी."

काम तिथंच सुटलं. संध्याकाळच्या एसटीनं तो मुरुडला पोचायच्या आत ती गोष्ट मुरुडात पोचली होती. त्याच्या अंगाला टर्पेंटाइनचा वास कायमचाच. लोकांना तेवढाही पुरला.

जीव खात राहिला म्हणून मी त्याला नांदेडला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत, एसटीत, चाकूर मागं पडलं तसा तो माझ्या खांद्यावर झोपला. झोपेत त्याचा हात मांडीवर अगदी शांत होता, जुना, दुष्काळातला हात. मला वाटलं, हा प्रवास असाच चालत राहिला तर बरं होईल, कुठंच न पोचता... डॉक्टरांनी त्याला डोळे मिटून स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावायला सांगितलं. बोट निघालं सरळ, पण नाकाजवळ येता येता थरथरू लागलं आणि गालावर आदळलं. तळहात सुलटा-उलटा करायला सांगितला, तर ताल जमेना. मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. डोक्याच्या मागच्या बाजूला, खाली, एक लहान मेंदू असतो. मोठा मेंदू हुकूम सोडतो की हात अमुक ठिकाणी जाऊ दे. हात निघाला की स्नायू आणि सांधे वाटेवरून सारखी खबर पाठवत राहतात, आत्ता इथं आलोय, एवढ्या वेगानं चाललोय. डोळे आपली खबर देतात, कान तोलाची. लहान मेंदू हुकूम आणि खबर ताडून बघतो आणि चूक घडायच्या आधीच ती दुरुस्त करतो. तिथं, अजून थोडं. इथं, आता थांब. "हे इतकं गुपचूप चालतं," ते म्हणाले, "की असतं तोवर कळत नाही." सुदामचा हुकूम जात होता, खबरही येत होती. ताडून बघणारा गेला होता. "भयंकर ऊन लागलं की तिथल्या पेशी आधी मरतात, आणि त्या परत येत नाहीत. उन्हात कुठं काम करत होते हे?"

"व्हय, पत्र्यावर," सुदाम म्हणाला, आणि माझ्याकडं पाहिलंही नाही.

त्या क्षणी माझं तोंड बंद झालं ते झालंच. तो पीत नाही असं सांगायचं, तर हात कशानं गेला हे सांगायला हवं. ते सांगायचं, तर त्याला भर दुपारी वर कुणी चढवलं, तेही. मुरुडला घरी पोचलो. सुदामनं आपल्या तुटक शब्दांत बायकोला सगळं सांगितलं. वच्छलावहिनी ऐकून घेत होत्या आणि मग माझ्याकडं वळल्या. "मेंदूला ऊन लागलं म्हनतेत. दारूला नवं नाव काढलंय का ह्यांनी? तुमी होता की तिथं, भाऊजी. तुमीच सांगा, डागदर काय म्हनले?"

सुदाम भिंतीला टेकून बसला होता, तसबिरीच्या खाली. त्यानं माझ्याकडं फार शांतपणे पाहिलं. त्याला एवढंच हवं होतं, त्या घरात, त्या एका माणसासमोर, खरं कुणीतरी म्हणावं. मी म्हणालो, "वहिनी, जपा त्याला जरा. संगत तेवढी बघा."

एवढंच. त्यानंतर सुदामनं आपल्या हाताविषयी कुणाला काही सांगितलं नाही.

जगला मात्र. हाताला वजन असलं की थरथर कमी होते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. वहिनींनी जाड कापडाचा पट्टा शिवला, आत वाळू भरली. "पिऊन पिऊन हात हलतोय, बांधा," म्हणत त्याच रोज मनगटाला बांधायच्या, आणि तो बांधून घ्यायचा. त्या पट्ट्याच्या जोरावर त्यानं घरं चुन्यानं पांढरी केली, कुंपणं रंगवली. अक्षरं सोडली. मी नांदेडला बदलून आलो, दोन-तीन वर्षांतून एकदा भेटायचो. शेवटच्या भेटीत वहिनी घरात नव्हत्या; मला पाणी द्यायला तो स्वतः उठला. फुलपात्र भरून निघाला, अर्धी खोली ठीक आला आणि माझ्यापाशी येता येता हात थरथरू लागला, पाणी माझ्या गुडघ्यांवर. मी उठू लागलो तर हसला. "बस रं. लांब हाय तवर काय न्हाई... जवळ आलं की थरथरतंय बघ." मग, पट्टा सारखा करत, माझ्याकडं न बघता म्हणाला, "येत जा मल्ल्या. तू पन लांबच ऱ्हायलास."

मी पुण्यानुमोदनाला गेलो तेव्हा वहिनींनी तो पट्टा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तुमच्याकडं असू द्या. दोस्त होता तुमी. लई सोसलं मी ह्यांच्या दारूपायी, पन मानूस वाईट नव्हता." मी तेव्हाही पट्टा पिशवीत घातला आणि निघालो. येताना गावाबाहेरचा दगड पाहिला. 'मुरुड' पुसट झालंय. शून्य अजून दिसतं, टोकाला टोक जुळलेलं.

पट्टा समोर टेबलावर आहे. शिवणीतून थोडी वाळू गळते. मी ती बोटानं गोळा करतो आणि बोट न चुकता तिच्यापाशी जातं. वच्छलावहिनींना वाचता येत नाही. तेव्हा हे छापून आलं तरी माझं काही फिटत नाही. मुरुडला जाऊन, त्या तसबिरीखाली बसून, त्यांच्या तोंडाकडं बघून सांगण्याचं देणं मी लागतो: तो पीत नव्हता, आणि त्याला पत्र्यावर मी चढवलं.