दर्भाची काडी आणि आमचे व्याही

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी भांडायला आमच्या व्याह्यांइतका गैरसोयीचा माणूस सापडायचा नाही. मी माधवनगरात जुने यंत्रमाग घेऊन, दुरुस्त करून विकतो. हमालीपासून इथवर आलो तो तोंडाच्या जोरावर. समोरच्याने एक म्हणावं, मी दुसरं म्हणावं, आवाज चढावेत, मी तावातावाने दारापर्यंत जावं आणि त्याने मला परत बोलवावं, यात माझी हयात गेली. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला कोरेगावला निघालो, तेव्हा वाटेत सगळं घोकून ठेवलं होतं. आणि हा माणूस म्हणाला, "आमाला काय नगं. पोरगी तेवढी हसतमुख ऱ्हाऊ द्या. च्या घ्या." संपली बोलणी! दारापर्यंत जायची वेळच आली नाही. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

व्याही सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर जुन्या पोथ्या वाचू लागले. त्या पोथ्यांत विज्ञान आहे की नाही, हा प्रश्न बाकीचे लोक चुटकीसरशी सोडवतात. देवळाच्या कट्ट्यावरचे म्हणतात, सगळं आहे. माझ्यासारखे म्हणतात, काडीचंही नाही. व्याही म्हणतात, "बघू की." आणि खरोखरच बघायला घेतात. त्यामुळे कट्ट्यावरचे त्यांना नास्तिक समजतात आणि मी त्यांना भाबडा समजतो. त्यांना त्याचं काही वाटत नाही. "आवं, धान्य नि खडं एकाच पोत्यात आल्यात," असं म्हणून ते निवडत बसतात.

एकदा एका पोथीत त्यांना भिंतीच्या लेपाची कृती मिळाली. चुना, गूळ आणि बेलफळाचा गर. त्यांनी गोठ्याच्या अर्ध्या भिंतीला सिमेंट लावलं आणि अर्ध्या भिंतीला पोथी. गुळाच्या वासाने कोरेगाव तालुक्यातल्या झाडून साऱ्या मुंग्या सहकुटुंब मुक्कामाला आल्या. मी पोट धरून हसलो. पावसाळ्यात मात्र सिमेंटची बाजू पाझरली आणि पोथीची बाजू कोरडी ठणठणीत राहिली. मला वाटलं, आता हा गृहस्थ गावभर मिरवणार. तर म्हणाले, "पाव्हणं, ती बाजू आडोशाला हाय. बाजू बदलून परत करून बघाय पायजे." जिंकलेला डाव स्वतःच्या हाताने मोडणारा माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला. दुसऱ्या वेळी, कुठल्याशा समिधांच्या धुराने डास पळतात असं वाचून त्यांनी एका खोलीत धूर केला, एका खोलीत नाही केला, आणि मला, मुलीच्या बापाला, धुराच्या खोलीत झोपवलं. सकाळी माझे हात, पाय, मान तपासून ते इतक्या आनंदाने म्हणाले, "लय चावल्यात की!" की माझा संताप तोंडातल्या तोंडात विरला. पोथी खोटी ठरल्याचं दुःख नव्हतं, काहीतरी कळल्याचा आनंद होता.

दोन-तीन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मावळतीच्या वेळेला, सूर्यग्रहण आलं. लेक तेव्हा कोरेगावलाच होती, पाचवा महिना चालू होता. जावई फौजेत, दूर सीमेवर. सकाळी लेकीचा फोन आला, "अप्पा, आत्या म्हणतायत, ग्रहण सुटेपर्यंत एका जागी बसायचं. पाणीसुद्धा नाही." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. माझं डोकं सणकलं. आता सापडला भांडणाला मुहूर्त, म्हणत मी गाडी काढली.

घरात शिरलो तर फळीवर सगळ्या वस्तू जोडीने मांडलेल्या. दह्याची दोन भांडी, लाडवांच्या दोन ताटल्या, चटणीच्या दोन वाट्या. प्रत्येक जोडीतल्या एकावर, ग्रहणात अन्न नासू नये म्हणून ठेवतात ती दर्भाची काडी होती, दुसऱ्यावर नव्हती. मी फळीकडे बोट करून ओरडलो, "आणि माझ्या पोरीला कुठल्या बाजूला बसवलंय?"

व्याही शांतपणे म्हणाले, "तिला न्हाई बसवलं कुटं. उभ्या नोकरीत गाभण म्हशी बघितल्या मी. एकीनं बी गिराण पाळलं न्हाई, आन् एकीचं बी रेडकू त्यापायी बिघडलं न्हाई."

"म्हणजे माझी लेक म्हैस?"

"न्हवं. त्येच तर सांगतुया. म्हशीवरनं माणसाचं ठरवाय येत न्हाई." त्यांचा आवाज जरा खाली आला. "आन् तपासून बघायचं तर दोन पायजेत. माज्याकडं सून एकच हाय."

विहीणबाई दारातून म्हणाल्या, "म्हणून म्हंते, एवढा येळ बसली तर काय बिघडतंय? काय चिरलं-कापलं आन् व्हटाला न्हाईतर कानाला चीर पडलेलं लेकरू आलं म्हंजे?"

व्याही सुनेकडे वळले. "पोरी, ग्रंथ एक सांगतोय, माजी अक्कल दुसरं सांगती. खात्री दोन्हीची न्हाई. तुजं तू ठरीव."

लेक उठली, घटाघटा पाणी प्यायली. मग टोपलीतला पेरू घेतला आणि विळीवर बसली. बाहेर ऊन पिवळट पडलं होतं. पेरू पात्याला लागणार, तोच मी झेप घेऊन तो तिच्या हातातून काढला.

"आण इकडं. मी चिरतो."

"अप्पा, तुम्ही?"

"बोट कापून घेशील. सवय नाही तुला." ती रोज विळीवर भाजी चिरते. पण मी विळीवर बसलो आणि पेरूचे वेडेवाकडे तुकडे केले. विहीणबाई पदराआड हसल्या. व्याही हसले नाहीत. एखादी नवी भिंत पाहावी तसे माझ्याकडे निरखून पाहत राहिले. ग्रहण लागलेला सूर्य तसाच डोंगराआड गेला, आणि मी भांडायचं विसरून जेवून परत आलो.

फाल्गुनात सांगलीच्या दवाखान्यात नात झाली. दुसऱ्या दिवशी व्याही आले. पेढा खिशात टाकला आणि बाळ मांडीवर घेतलं. "पाव्हणं, ही चांगली झाली म्हणून काय बी शिद्द होत न्हाई बरं का. एकीवरनं काय ठरतंय?" असं म्हणत त्यांनी दुपट्याची कड हळूच मागे सारली. त्यांनी वरचा ओठ पाहिला. एक कान पाहिला, मग दुसरा. मग पुन्हा ओठ.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"काय न्हाई. बघतोय आपलं."

मी आणखी एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला. ते यायच्या आधी, खोलीत कुणी नसताना, मीही तेवढंच बघून घेतलं होतं.