आत्याच्या दुकानाची मोड

‘आत्या गेली’ एवढ्याच शब्दांची तार पेपरच्या कचेरीत आली, तेव्हा मी दुसऱ्या तारांना मथळे देत होतो. तिच्यात छाटण्यासारखे काही नव्हते. हातातले पान पुरे करून मी अकोल्याहून मेहकरची एस.टी. धरली. त्याला आता दीड महिना होईल.

मेहकरच्या बाजारात आत्याचे भांड्यांचे दुकान होते. आतोबा अकाली गेले, त्यानंतर त्यांच्याच गादीवर बसून तिने ते चालवले. नवी घागर घ्यायला येणारे सहसा रिकाम्या हाताने येत नसत. घरातले फुटके, गळके पितळ बरोबर आणत. आत्या ते तराजूत घालून मोड म्हणून घेई आणि नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करी. मागच्या अंगणात रघुजी तांबट ती मोड भट्टीत वितळवी आणि लगड ओतून, ठोकून पुन्हा भांडे घडवी. लोणारच्या एका म्हातारीची परात तिच्या नातीच्या रुखवतात घागर होऊन मांडलेली मी पाहिली आहे. तालुक्यात एकदा आलेले पितळ असे फिरत राही. नवे थोडेच लागे. कोणी त्याचे कौतुक करीत नसे. तो रिवाज होता.

भांड्यांवर नावे कोरलेली असत. मोड भट्टीकडे जाण्याआधी आत्या ते नाव मोठ्याने वाची. “चला पार्वताबाई, आता नव्या व्हा,” असे म्हणून भांडे रघुजीच्या हाती देई. रघुजी हसे. “बाई, पार्वताबाई तिसऱ्यांदा येऊन राह्यल्या. यमाले भेत नाहीत त्या.”

मग प्लास्टिकच्या बादल्या आल्या. निळ्या, लाल, हलक्या. आत्याने त्या दुकानात टांगल्या आणि त्या हातोहात गेल्या. वर्षा-दोन वर्षांत त्यातली एक तडकून परत आली. आणणाऱ्या बाईने सरळ विचारले, “मोडीत घेसान ना?” आत्याने ती घेतली. “माह्या दुकानातून गेली ना? मंग वापस माह्याच दुकानात येईन.”

तिला वाटले होते, जे वितळते ते पुन्हा घडते. रघुजीने बादलीचे तुकडे मुशीत घातले. काळा धूर निघाला, शेजारच्या गल्लीतली माणसे नाक धरून बाहेर आली, रघुजी दोन दिवस खोकत राहिला. मूस खरवडूनही साफ होईना. “हे वितयते बाई,” तो म्हणाला, “पन याचं काई होत नाई.”

भट्टीत पुन्हा प्लास्टिक गेले नाही, पण बादल्या येतच राहिल्या. मेहकरात बातमी पसरली होती की बाई फुटकी बादलीही घेतात. अंगणात ढीग वाढला. पितळ कमी होत गेले. लोक ते बाहेरच्या व्यापाऱ्याला देत आणि तो ट्रकने नेई. शेवटी रघुजीने भट्टी थंड केली आणि तो मुलाकडे हिवरा आश्रम या गावी गेला.

गेल्या दिवाळीत मी तिला म्हणालो, “आत्या, मग विकूच नकोस ना.”

“काऊन नको विकू? पितळेची घागर डोक्यावर घेऊन तू जाय बरं नदीवर. बायाइले हलकं भेटलं, त मी नाई म्हनू?”

“मग फुटक्या घेऊ नकोस.”

“न घेतल्या त नाल्यात टाकतीन. अन् मी काय सांगू? इतकी वर्षं घेत होती, आता नाई घेत?” ती ढिगाकडे पाहत होती. “तू पेपरात हायेस. याचं पुढं काय करतात, विचारून पाह्यजो बरं कोनाले.”

मी विचारले. ओळखीच्या ओळखीने मुंबईच्या एका कारखान्यातल्या माणसापर्यंत पोहोचलो. तो म्हणाला, “फुटली तर नवी घ्यायची.” हे उत्तर मी तिला कळवले नाही. ती विचारील तेव्हा सांगू, असे ठरवले होते... तिने पुन्हा विचारले नाही.

दिवस झाल्यावर दुकान आवरायला मी एकटा थांबलो होतो. अर्ध्या दारातून एक बाई आत डोकावली. हातात तडकलेली लाल बादली.

“बाई गेल्या,” मी म्हणालो.

“हाव, आयकलं. लई वाईट झालं.” ती तिथेच उभी राहिली. “पन हे कोनाले देऊ मंग?”

मी हात पुढे केला. ती गेल्यावर बादली तराजूत ठेवली; पारडे जरासे हलले आणि थांबले. मग ती उजेडात धरून सगळीकडून फिरवून पाहिली. कुठेही नाव नव्हते. मागे जाऊन मी ती ढिगावर ठेवली आणि अंगणाचे दार लावून घेतले.