सहा मीटरची बाही

होयबाला ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा ती स्वेटरच्या एका बाहीत गळ्यापर्यंत बुडालेली होती. बाही सहा मीटरची. विणायच्या यंत्रातून अजगरासारखी निघून, टेबलाला वळसा घालून ती जिन्याकडे चालली होती, आणि प्रोग्राम तपासायला त्याच दिवशी रुजू झालेली चाचणीवाली तिच्यात पाय अडकून पडली होती. होयबाचं काळीज तिथल्या तिथे विरघळलं. तिच्या नाकात लोकर गेली.

यंत्राचा प्रोग्राम होयबाचाच. होयबा हे नाव त्याला थोरल्या बहिणीनं ठेवलेलं, कारण त्यानं जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. एकदा तिघांना हो म्हणून बसला आणि एकाच संध्याकाळी तिन्ही घरी जेवला. प्रोग्रामची भाषाही त्यानं स्वतःसारखीच भिडस्त निवडली होती. आकडा द्या, अक्षरं द्या, ती बिचारी हूं की चूं करत नसे, आपल्या अकलेनं जमवून घेई. कुणीतरी बाहीची लांबी साठ सेंटिमीटर टाइप केली. भाषेनं तो आकडा न मानता नुसती अक्षरं मानली. मग शिवणीचे दोन मिळवायचे, तर ते साठाच्या शेजारी नेऊन चिकटवले. सहाशे दोन.

"मग प्रोग्राम थांबला का नाही?" चाचणीवालीनं बाहीतूनच विचारलं.

"उगाच कशाला कुणाला दुखवायचं," होयबा म्हणाला.

ती इतकी हसली की बाही आणखी गुंतली. नाही म्हणावं, पण नीट म्हणावं, असं तिनं समजावलं: काय चुकलं, कुठं चुकलं, आता काय करायचं.

होयबानं मनाशी ठरवलं, प्रोग्रामला नाही म्हणायला शिकवायचं आणि मगच हिला मागणी घालायची. त्याचा पहिला नकार असा होता: "आपला आकडा फार छान आहे, गैरसमज नसावा, तरी..." पुढच्या चौदा ओळी तिनं खोडल्या. शेवटी एके दुपारी तिनं बाहीच्या लांबीत मुद्दाम "भरपूर" असं टाइप केलं. यंत्र गप्प झालं. पडद्यावर उमटलं: "बाहीच्या लांबीत आकडा हवा, अक्षरं आली. पुन्हा टाइप करा."

होयबा लोकरीच्या पोत्यांभोवती नाचला, मुकादमाला मिठी मारली आणि त्याच भरात तिला विचारून मोकळा झाला.

"नाही," ती म्हणाली. "माझं लग्न ठरलंय. तुम्ही आधी चौकशी केली नाहीत. पुढच्या वेळी करा."

तिच्या नकारात खोट काढायला जागा नव्हती.

होयबा अजून एकटाच आहे. बाहीची पायपुसणी केली.