चुका मोजणाऱ्या ताई

चूक सापडली की ताईंचा चेहरा उजळायचा. आमच्या धंद्यात असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. प्रोग्राममध्ये चूक निघाली की लोक आधी इकडेतिकडे बघतात, कोणाच्या लक्षात आलं नाही ना, आणि मग गुपचूप कागद उलटा ठेवतात. ताई खुर्चीवरून उठायच्या, छापील कागदाची लांबलचक पट्टी हातात धरायच्या आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "सापडली वं माय एकदाची! कुठं दडून बसली होती पाहा." ज्याने ती शोधली त्याला खालच्या टपरीवरून चहा यायचा, मग ती चूक त्याची स्वतःची का असेना.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. नागपूरला धंतोलीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. पेशंट चुकून वर यायचे आणि एसीच्या गारव्यात बसून राहायचे. मालक शेठजी मूळचे काटोलचे, संत्र्यांचे व्यापारी. नवा धंदा म्हणून यात पडलेले. मुंबईच्या एका कंपनीने गोदामांतल्या मालाचा हिशेब ठेवणारे प्रोग्राम बाहेरून लिहून घ्यायचं ठरवलं होतं. निम्मं काम आमच्याकडे आलं, निम्मं पुण्यातल्या एका कंपनीकडे गेलं. आमच्याकडच्या कामाच्या प्रमुख ताई. त्यांच्या हाताखाली मी.

ताई आधी शाळेत गणित शिकवत. वडील मिलमध्ये होते, घर दीक्षाभूमीच्या मागे. शाळा सुटली तरी फळा काही सुटला नाही. आमच्या खोलीत त्यांनी एक काळा फळा लावून घेतला होता आणि दर शनिवारी त्यावर तीन आकडे लिहीत: आठवड्यात किती चुका सापडल्या, किती दुरुस्त झाल्या, किती बाकी आहेत. कोणाची किती, हे कधीच लिहीत नसत. मी नवा होतो तेव्हा म्हटलं, "ताई, नावंही लिहू या ना. कोण कसं काम करतो ते कळेल तरी."

"काहून? तुले कळंल, पण मले कळणं बंद होईल ना गा," ताई म्हणाल्या. "नाव लिहिल्यावर पोट्टे सांगतीन का?"

आकडा एकदम उतरला की त्या खूश होण्याऐवजी बेचैन व्हायच्या. "आज फळा जास्तच गोड दिसून राहिला," म्हणायच्या आणि खोलीत जो सगळ्यात गप्प असेल त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसायच्या. पारशिवनीकडचा विनोद नावाचा एक मुलगा होता. त्याने आठवडाभर एक घोळ दडवून ठेवला होता. ताईंनी त्याला काहीच विचारलं नाही. शाळेत असताना त्यांनी स्वतः उत्तर चुकीचं काढून अख्ख्या वर्गाला नापास कसं केलं होतं, ते रंगवून सांगितलं. "हेडमास्तर म्हणे, बाई, सगळेच ढ कसे? मी म्हटलं, सर, एकटी मीच आहे." विनोद हसला आणि मग त्याने आपला कागद पुढे केला.

गोदामांच्या कामातला सगळ्यात अवघड भाग वाटेतल्या मालाचा. एका गोदामातून निघालेला पण दुसऱ्यात न पोचलेला माल कोणाच्या नावावर धरायचा, यात भल्याभल्यांचं डोकं फिरायचं. तो भाग ताईंनी स्वतःकडे ठेवला होता. साहजिकच चुका तिथेच जास्त निघत, आणि त्या शोधून फळ्यावर चढवणाऱ्याही बहुतेक ताईच. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

मुंबईच्या कंपनीला मात्र दर आठवड्याला ट्रंक कॉलवर दोन आकडे लागत: प्रोग्रामच्या किती ओळी लिहून झाल्या आणि किती चुका निघाल्या. पुण्याच्या ओळी भरपूर असत, चुका जवळजवळ नाहीतच. आमचं उलट. शेठजी कासावीस व्हायचे.

"ताई, थोड्या कमी सांगू ना. कोण पाहायले येऊन राहिलं?"

"शेठजी, तुम्ही संत्र्याच्या पेटीत वरवर चांगला माल लावता का?"

"लावतो ना ताई! सगळेच लावतात!" शेठजी इतक्या सरळपणे बोलले की अख्खी खोली हसली. ताईही हसल्या. आणि त्या शनिवारी त्यांनी खरा आकडाच सांगितला.

पुढच्या वर्षी सगळं काम एकाच ठिकाणी द्यायचं, असं मुंबईत ठरत होतं. ते पुण्याला गेलं असतं तर आमचं सेंटर बंदच पडलं असतं. म्हणून कंपनीचे एक साहेब नागपूरला आले तेव्हा शेठजींनी नवे पडदे लावले, हल्दीरामाच्या वाटेला न जाता घरची संत्रा बर्फी मागवली. साहेब सभ्य होते. त्यांनी दोन्हीकडचे आकडे समोर ठेवले आणि विचारलं, "या चुका करतं कोण? मला नावं हवीत."

"नावं आम्ही ठेवत नाही," ताई म्हणाल्या. "कुठल्या भागात किती निघाल्या आणि का निघाल्या, ते सांगते."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. सगळ्यात जास्त कोणाच्या?"

मी म्हणालो, "ताईंच्या."

ते खरं होतं. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं: सगळ्यात अवघड काम त्यांच्याकडे आहे, आपल्या चुका त्या स्वतः शोधतात आणि स्वतः सांगतात, म्हणून तो आकडा मोठा दिसतो. पण साहेबांनी मान हलवली, काहीतरी टिपून घेतलं आणि विचारलं, "आणि तुमच्या?"

"फार थोड्या," मी म्हणालो. तेही खरंच होतं. मला सोपे भाग दिलेले होते. साहेब माझ्याकडे पाहून हसले. आणि मला, कबूल करताना अजून जीभ जड होते, त्या क्षणी बरं वाटलं. तयार असलेलं वाक्य मी गिळलं. ताई समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खिडकीला लावलेल्या नव्या पडद्याकडे पाहत होत्या.

पुण्यापेक्षा आमचा दर कमी, म्हणून काम आम्हाला मिळालं. अट एकच होती: या बाईंना बाजूला करा, त्या तरुणाला पुढे आणा. शेठजी ताईंपुढे हात जोडून उभे राहिले. "ताई, माझा नाइलाज आहे. तुम्ही आकडे भरायचं, पंचिंगचं सेक्शन पाहा, पगार तोच राहील." ताई म्हणाल्या, "राहू द्या शेठजी. माझा फळा तेवढा पोट्ट्यायले ठेवा." दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. नाही म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. घरी बायकोने शिरा केला. मुंबईच्या सांगण्यावरून मी फळ्यावर नावं लिहायला लागलो आणि महिन्याभरात आकडे इतके खाली आले की साहेबांनी अभिनंदनाचा फोन केला. खोलीत मात्र कोणी मोठ्याने बोलेनासं झालं. मी खोलीतून फिरलो की कागद उलटे व्हायचे. फळा जास्तच गोड दिसतोय, हे मला कळत होतं. स्टूल ओढून कोणाच्या शेजारी बसायचं धाडस मात्र झालं नाही, कारण बसलो असतो तर आधी माझी चूक सांगावी लागली असती.

शेवटी एका रविवारी मी ताईंकडे गेलो. दारात मुलांच्या चपलांचा ढीग होता. आत शिकवणी चालू होती. ताई बाहेर आल्या, बायकोची, मुलीची चौकशी केली, विनोद कसा आहे विचारलं. मी ओसरीवर उभ्याउभ्याच ते वाक्य त्यांना बोलून दाखवलं, मीटिंगमध्ये गिळलेलं, सबंध. अवघड काम तुमच्याकडे होतं, चुका तुम्ही स्वतः सांगत होतात, म्हणून आकडा मोठा होता. मी पुढे हे सांगणारच होतो, ताई.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शाळेत उशिरा उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. रागाचं नाव नव्हतं. राग असता तर मला पुष्कळ हलकं वाटलं असतं.

"मंग सांगायचं होतं ना गा," त्या म्हणाल्या, आणि मुलं खोळंबली होती म्हणून आत गेल्या.